सतरा-सहाच्या दोन पिना

सोम. १० नोव्हें.

सकाळी खतवाल्यांचा फोन. कन्व्हेयरचा गिअरबॉक्स फुटला म्हणे. त्यांचा मेंटेनन्सवाला तापलेला. "भाऊ, तुमची पिन तुटलीच नाही. पिन शाबूत आणि गिअरबॉक्सचे तुकडे!"

हे उलटं झालं. ती पिन तुटायलाच असते. पट्ट्यात दगड अडकला की आधी तिने मान टाकायची, मागचा गिअरबॉक्स वाचवायचा. म्हणून मुद्दाम मऊ लोखंडाची. बाबू ठाकूर (आमचा जुना फिटर, जासईचा, आता रिटायर) तिला "बकरा" म्हणायचा. शॉपमध्ये अजून सगळे बकराच म्हणतात.

तळोज्यातल्या तळोज्यात, दहा मिनिटांचा रस्ता. गेलो. पिन हातात घेतली. वीस एमएम, काळी केलेली, टोकाला आमचा पंच: १७-६. नंबर बरोबर, माप बरोबर. पिशवीतली कानस काढून एक हात मारला. चावलीच नाही. काचेवर नख ओढावं तसा आवाज करून घसरली. दुसरा हात मारायची गरज नव्हती, पण मारला.

हा बकरा नव्हे. ही भट्टीतून कडक करून आणलेली पिन.

मेंटेनन्सवाला विचारतोय, काय झालं? म्हटलं, बघतो, नवा गिअरबॉक्स माझ्याकडून. एवढ्या लवकर मी कधी कबूल होत नाही, तो पण चमकला.

येताना गाडीतला रेडिओ बंद केला. कडक पिन आपण एकाच मशीनला लावतो, कोलांटीला. (ब्रोशरवर "ड्रम टिल्टर" छापलंय. ड्रम उचलून डोक्याच्या वर नेते आणि उलटा करते, म्हणून आमच्याकडे कोलांटी.) तिच्या लोखंडी हाताच्या कोपराला एकच पिन. दोनशे लिटरचा भरलेला ड्रम त्या एका पिनेवर. खाली माणूस.

कोलांटीची पिन कन्व्हेयरला गेली. मग कोलांटीला काय गेलं?

जेवलो नाही. मंदाला (बायको) सांगितलं, पित्त झालंय.


मंगळ. ११

स्टोअरमधला १७-६ चा डबा पत्र्यावर ओतला. तेरा पिना. एकेक घेऊन कानस मारली. नऊंवर चावली, ते बकरे; चारांवर घसरली, त्या कडक. दिसायला सगळ्या सख्ख्या बहिणी.

मृणाल समोर उभी. आमची डिझाइन इंजिनियर, वय तीस, जीभ पन्नाशीची. दोन वर्षं सांगत होती, सर, ही नंबरची पद्धत बदला.

पद्धत माझीच. ड्रॉइंगवर मृ.चा लांबलचक नंबर असतो, तो कागदापुरता. लोखंडावर पंच आमचा. जो माणूस एखादा पार्ट पहिल्यांदा बनवेल त्याच्या हजेरीच्या बिल्ल्याचा आकडा, पुढे त्याचा कितवा पार्ट ते. १७-६ म्हणजे बिल्ला सतरा, त्याचा सहावा. शॉप काढलं त्या दिवशी ठरवलं होतं. ज्या शेठकडे मी लेथवर बारा वर्षं उभा राहिलो, तिथे सुपारीएवढ्या बुशवरही शेठच्या बापाचं नाव. आमच्या बोटांचं काहीच नाही. म्हटलं, माझ्याकडे असं नको.

सतरा म्हणजे बाबू. रिटायर होताना बिल्ला जमा करून गेला. फळ्यावर खिळा मोकळा. मग एका दसऱ्याला संतोष लागला, परभणीचा, हाताने चांगला. हत्यारांची पूजा झाली, सगळे बिल्ले हळदीकुंकू लावून टांगलेले, मध्ये एक खिळा रिकामा. बरं दिसेना. मीच तो बिल्ला हार घालून संतोषच्या हातात दिला. टाळ्या. पेढे.

संतोषने एकपासून मोजायला घेतलं. बाबूचे एक ते सहा आधीच होते हे कोणाच्या डोक्यात नाही. बाबूचा १७-१ हाताएवढा कंस, संतोषचा १७-१ बोटाएवढा बुश. कोण चुकणार? पाच वेळा असं निभावलं. सहाव्याला दोघांच्याही पिना निघाल्या. दोन्ही मशीनना बाबूचाच तो कंस, म्हणून पिनांचं मापही तेच. स्टोअरवाल्याने नंबर वाचून एका डब्यात टाकल्या. त्याला काय बोलणार.

संतोषला बोलावलं. "भाऊ, म्या तुमाला म्हणलो होतो. डब्यात या नंबरचा माल आधीच हाय म्हणून. तुमी म्हणलात, असंल जुना, टाक."

म्हणाला होता. मार्चमध्ये. ग्राइंडर चालू होता, तो हळू बोलला होता, तरी मला शब्दन् शब्द ऐकू आला होता. बेअरिंगचा आवाज ऐकून कुठल्या बाजूचं गेलंय ते सांगतो म्हणून लोक मला बोलावतात. मिरवतो पण त्याच्यावर.

मृ.ने कॉम्प्युटर काढला. बाबूने बकरे केले अठ्ठावीस. तो असतानाच अठरा कन्व्हेयरना लागले; तो गेल्यावर कन्व्हेयर एकच विकला, खतवाल्यांचा. उरले दहा. डब्यात नऊ. म्हणजे एक बाहेर. कडक किती केल्या त्यावरून पडताळा घेता आला असता, पण भट्टीत ज्या वाकल्या त्या संतोषने न मोजता भंगारात टाकल्यात.

अकरा कोलांट्या विकल्या आहेत. एकीत बकरा बसलाय.


बुध. १२

मृ. म्हणते, आत्ताच्या आत्ता अकराही जणांना फोन करा, मशीन बंद ठेवा म्हणून.

मी म्हटलं, थांब. एका पिनेसाठी अकरा ठिकाणी बोंब? रंगवाल्यांकडे आपली बारा कोलांट्यांची ऑर्डर सहीला पडलीय. "फुकट सर्व्हिस" म्हणून जाऊ. ग्रीस मारू, पिन काढून बघू, लागली तर बदलू. कोणाला कळणार पण नाही.

"सर, खाली माणूस उभा असतो."

"म्हणूनच उद्याचं आज करतोय ना."

"आज चार होतील. बाकी सात ठिकाणी आज काय करायचं? देवाला सांगायचं का?"

ओरडलो तिच्यावर. पहिल्यांदाच. स्टोअरवाला वजनकाटा बघत बसल्यासारखं करत होता.

संतोषला घेऊन चार ठिकाणी गेलो. चारही कडक. सगळीकडे चहा. एका ठिकाणी सुपरवायझर म्हणाला, "अशी सर्व्हिस कोण देतं हो आजकाल!" मी हसलो. संतोष हसला नाही. परतीच्या वाटेत कानस मांडीवर घेऊन बसला होता.


गुरु. १३

औषधवाले. कोलांटी चालूच होती. शेडच्या दारातच ऐकू आलं. वर जाताना एक टक्, खाली येताना एक टक्. कोपरातून. मोकळ्या कपाटाचं दार हलावं तसं. ऑपरेटरला विचारलं, हा आवाज कधीपासून? म्हणाला, "दिवाळीच्या आधीपासून. तिची सवय झालीय ती."

ड्रम खाली घ्यायला लावला. पिन निघेना, हातोडीने काढावी लागली. बाहेर आली तर केळ्यासारखी वाकलेली. मधोमध बारीक चीर, नखाला लागत होती. कानस मारली नाही. कशाला.

ऑपरेटर काशिनाथ, साठीला टेकलेला. पिन हातात घेऊन उलटीपालटी केली. "हिच्यावरच होता व्हय ड्रम?" मग जिथे तो उभा राहतो त्या जागेकडे बघितलं, लादी तिथे झिजलीय. मग म्हणाला, "चहा घेता का?"

घेतला. तिथेच उभा राहून. कडक पिन बसवली, स्वतः दहा वेळा वरखाली करून बघितली.

त्याच्या साहेबांना सांगितलं, पिन झिजली होती, बदलली. झिजली होती म्हणालो. लिहून ठेवतो.

संध्याकाळी मृ.ला म्हटलं, एक बाहेर होती, एक सापडली. हिशोब जुळला.

"अठ्ठावीस हा आकडा कोणी लिहिला?"

"त्या वेळच्या क्लार्कने."

"म्हणजे बाबूकाकांनी नाही. सर, एकदा त्यांना विचारा. मग मी गप्प बसते."


शनि. १५

काल गेलो नाही. काम होतं असं नाही. बाबूसमोर जायला पाय निघत नव्हते, एवढंच.

आज जासई. बाबूच्या घराच्या मागे पूर्वी शेत होतं, आता कंटेनर एकावर एक रचलेत, अंगणात दुपारीच सावली पडते. बाबू खुर्चीत, लुंगी, दाढी वाढलेली. मला बघून खूश. "आलास! मना वाटला, साहेब इसरले."

मिठाईचा पुडा दिला. इकडचं तिकडचं बोललो. मग सांगितलं. पहिल्यापासून, दसऱ्यापासून.

पिनेचं काही बोललाच नाही आधी.

"माजा सतरा दुसऱ्याला दिलास?"

"खिळा रिकामा होता, बाबू."

"मंग ऱ्हाऊ दे ना रिकामा. मी मेलो व्हतो काय? आनि मेलो असतो तरी काय?"

पुडा त्याने उघडला नाही. सून पाणी घेऊन आली, तिला म्हणाला, "यांना उन्हान बसव, थंडी लागंल कंटेनरची." टोमणा होता की काळजी, कळलं नाही.

मग विचारलं, बकरे किती केलेस? अठ्ठावीस ना?

"तीस."

"कॉम्प्युटरवर अठ्ठावीस आहेत."

"कॉम्प्युटर काय लेथवर उबा व्हता? अठ्ठावीसचा काम व्हता. पयल्या दोन कमी भरल्या असं वाटला, म्हनून दोन जादा काढल्या. मंग मोजल्या तं त्या दोन बी बरोबर. डब्यान टाकल्या. तीस."

"नक्की?"

नुसतं बघितलं माझ्याकडे. तीस वर्षांत मी त्याला मापाबद्दल "नक्की?" असं कधी विचारलं नव्हतं.

तीस केले, अठरा लागले, बारा उरले. डब्यात नऊ. बाहेर तीन. एक सापडला. दोन अजून ड्रम उचलतायत.

उठलो तर बाबूने मनगट धरलं. पकड अजून तशीच. "भाऊ, त्या पिनीवर आकडा माजा हाय. उद्या तिच्याखाली कोन गेला, तं लोक काय म्हनतील? सतराच्या हातची व्हती म्हनतील."

त्याच्या अंगणातूनच फोन लावले. मृ.ला सांगितलं, यादी वाच. राहिलेल्या सहा. प्रत्येकाला सरळ सांगितलं: मशीन बंद करा, ड्रम असेल तर खाली घ्या, चुकीची पिन गेली असण्याची शक्यता आहे, चूक आमची. एकाने आभार मानले. दोघांनी शिव्या घातल्या. दोघे नुसते "बरं" म्हणाले, त्यांची जास्त भीती वाटली, म्हणून पुन्हा फोन करून त्यांच्याकडून म्हणवून घेतलं, "बंद केलं." सहाव्याचा फोन बंद.

काशिनाथच्या साहेबांनाही लावला. म्हटलं, परवा खोटं बोललो, पिन झिजलेली नव्हती. ते म्हणाले, "सोमवारी ऑफिसला या."


सोम. १७

आधी औषधवाल्यांकडे. उभ्यानेच ऐकून घेतलं. यापुढे गेटच्या आत आमचा माणूस येईल तो त्यांच्या माणसाबरोबरच फिरेल. योग्य आहे.

मग पाच ठिकाणी. चार कडक. पाचवी रंगवाल्यांची, मुद्दाम शेवटी ठेवली होती. कानस मारली. खर्रकन चावली, भुसा पडला पांढऱ्या लादीवर. वाकली नव्हती अजून. त्यांचे ड्रम अर्धे भरलेले असतात, म्हणून.

बाबू बरोबर. कॉम्प्युटर चूक.

देशमुख साहेब (रंगवाल्यांचे प्लांट हेड) समोरच उभे. चांगला माणूस आहे, आठ वर्षांची ओळख. केबिनमध्ये नेलं, दार लावलं.

"भाऊ, मला वरती काहीतरी दाखवावं लागेल. लेखी द्या. चूक कोणाची, नावासकट. तो फिटर कोण? त्याला काढला असं लिहा. फाइल बंद होईल. तुमची ऑर्डर पण मी ढकलतो पुढे."

"त्याची चूक नाही, साहेब. त्याने मला सांगितलं होतं."

"कोण विचारतंय खरं काय ते? मी तुम्हाला रस्ता देतोय."

रस्ता होता खरा. गुळगुळीत. संतोष बाहेर पार्किंगमध्ये कानस पुसत उभा. त्याला काढलं नसतं मी, नुसतं कागदावर काढलं असतं. कागदावर काढलेला माणूस तळोज्यात दुसरीकडे कुठे लागणार, तेही मला माहीत आहे. इथे बातमी माणसाच्या आधी गेटवर पोचते.

ऑफिसला येऊन मृ.ला पत्र सांगितलं. एका माणसाचा नंबर दुसऱ्याला दिला, तो मी दिला. फिटरने सावध केलं, ते मी ऐकून सोडून दिलं. खाली माझं नाव. मृ. टाइप करता करता थांबली. "सर, 'ऐकून सोडून दिलं' हे वाक्य ठेवायचं?"

ठेव.

संध्याकाळी देशमुखांचा मेसेज. "पत्र मिळालं. ऑर्डर होल्डवर." पुढे काही नाही. पूर्वी शेवटी नमस्काराचे हात टाकायचे.

दहा झाल्या. अकरावीचा फोन अजून बंद.


मंगळ. १८

अकरावीच्या पत्त्यावर गेलो. गेटला कुलूप, आत गवत. शेजारच्या पानवाल्याने सांगितलं, ऑगस्टमध्येच बंद झाली कंपनी, सामान एका जुन्या मशिनरीवाल्याने उचललं.

तीन बकरे बाहेर होते, दोन सापडले, दहा मशीन तपासल्या. आता यात अंदाजाचं काही राहिलं नाही.

जुन्या मशिनरीवाल्याचं गोडाऊन कळंबोलीत. पांढरे कपडे, पितळी चष्मा. आधी ओळखच दाखवेना. फोटो दाखवला तेव्हा, "हां, ही पिवळी? ही मी हिरवी केली. पिवळ्याला गिऱ्हाईक नाही."

"आमची पाटी होती तिच्यावर. फोन नंबर होता."

"पाटी काढावी लागते, शेठ. जुन्या मालकाचं नाव कशाला? नवीन माणसाला नवीन वाटलं पाहिजे."

कोणाला विकली? आठवत नाही. कागद? हसला. म्हटलं, तिची पिन तुटणार आहे, माणूस मरेल. तर म्हणतो, "मी विकली तेव्हा चालू होती. चालवून दाखवली होती." मग मला निरखून बघत, "तुम्हाला परत घ्यायचीय का? दुसरी देतो ना, स्वस्तात."

कॉलर धरावीशी वाटली. संतोषने मागून माझा शर्ट धरला होता, ते नंतर कळलं.


बुध. १९

सकाळी मृ.ने फळ्यावर नवीन पद्धत लिहिली. यापुढे लोखंडावर ड्रॉइंगचाच नंबर. एकदा दिलेला नंबर पुन्हा कोणाला नाही, पार्ट बंद झाला तरी नाही. बिल्ले फक्त हजेरीला.

पोरांची तोंडं पडली. चार नंबरचा शिंदे, सगळ्यात जुना, म्हणाला, "म्हंजे आमी कायच बनवलं नाय असं व्हतं ना, भाऊ?" मृ. त्याला समजावायला गेली, तर म्हणाला, "ताई, तुमचा बरोबर हाय. मी फक्त इचारला." काम सगळ्यांनी केलं, पण शॉपमध्ये आज कोणी कोणाला हाक मारली नाही. मी पण यावर काही ठरवलं नाही. आधी ती हिरवी सापडू दे.

संतोष सकाळपासून गायब. फोन उचलेना. मनात नको ते आलं. दुपारी चारला आला, कपड्यांना तेल. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलला गेला होता. त्या गोडाऊनचा माल कोण नेतं ते विचारत चार तास फिरला. एक टेम्पोवाला सापडला. "हिरवं, हत्तीच्या सोंडेसारखं" उतरवल्याचं त्याला आठवत होतं. पावणे गावात. नाल्याच्या बाजूला, निळं गेट, आत आंबट वास.

कंपनीचं नाव नाही, फोन नाही. मृ. म्हणाली, नेटवर शोधते. तासाभरात तिला निळ्या गेटवाल्या तीन सापडल्या. दोघांचे फोन लागले, त्यांच्याकडे कोलांटी नाही. तिसरीकडे रिंग जाते, कोणी उचलत नाही.

संतोष म्हणाला, "आत्ता जाऊ." सहा वाजून गेले होते. तरी गेलो. गेट बंद, आतून आंबट वास, वॉचमन म्हणाला, शिफ्ट सुटली, कल आना. ते हिरवं मशीन चालू आहे का आत? "सब बंद, सब घर गया." तेवढं ऐकून बरं वाटलं. उद्यापर्यंत ती पिन कोणाच्या डोक्यावर नाही.


गुरु. २०

पावणे. सिक्युरिटी केबिन. वही पिशवीत होती म्हणून लिहितोय, हाताला दुसरं काम नाही.

सकाळी साडेसातला आलो, तर आज पहिली शिफ्ट नाही, बारानंतर या. साडेबाराला परत आलो. संतोष बाहेर गाडीत, त्याचं ओळखपत्र घरी राहिलंय म्हणून गेटवरच अडवलं. माझा मोबाइल जमा करून घेतला. केमिकल प्लांट, नियम आहे, बरोबर आहे.

"किससे मिलना है?"

नाव माहीत नाही. म्हटलं, आत हिरवं मशीन आहे, त्याला बघायचंय.

"मशीन से मिलने का पास नहीं बनता, अंकल."

सगळं सांगितलं. पिन, ड्रम, माणूस. गार्ड तरुण आहे, वाईट नाही. ऐकून घेतलं. आत फोन लावला, कोणी उचलत नाही. शिफ्ट दोनची, सगळे आधी जेवायला बसलेत. सेफ्टीवाले साहेब दुसऱ्या प्लांटला गेलेत. म्हटलं, तू जाऊन सांग. म्हणतो, गेट छोड़ा तो नौकरी गई. म्हटलं, मला जाऊ दे, माझा हात धरून चल. त्याने दुसऱ्या गार्डकडे बघितलं, दुसऱ्याने मानेनेच नाही म्हटलं.

घुसलो असतो. दोघे आहेत, धरतील. एकदा धरला की मग मी वेडा माणूस, वेड्याचं कोण ऐकतं. रजिस्टरमध्ये "कामाचं कारण" रकान्यात मोठ्या अक्षरात लिहिलंय: ड्रमचं मशीन चालू करू नका.

१:२५. गार्डने पुन्हा फोन लावला. एकाने उचलला. मी रिसीव्हर मागितला, दिला नाही. गार्डने माझं सगळं सांगितलं, अर्धं चुकीचं, पण "मशीन बंद रखो" तेवढं बरोबर सांगितलं. पलीकडचा काय बोलला? रिसीव्हर गार्डच्या कानाला, तरी मला स्पष्ट ऐकू आलं. "कौन है वो? बैठाओ, मैनेजर खाना खा रहे हैं।" बंद ठेवतो म्हणाला नाही. नाही ठेवत असंही म्हणाला नाही.

दोनला शिफ्ट सुरू.

१:४०. नळावर भांडी धुतल्याचा आवाज. कोणीतरी हसतंय. एक ट्रॉली ओढत नेली, चाक करकरतंय, ड्रम भरलेला आहे, रिकामा असता तर वाजला असता.

१:४५. गार्डला म्हटलं, कंप्रेसर चालू झाला, म्हणजे आता मशीनं सुरू होणार. म्हणाला, मुझे तो सुनाई नहीं दे रहा. त्याला नाही येणार ऐकू. त्याने पुन्हा फोन उचललाय, रिंग जातेय. काचेतून संतोष दिसतोय, गाडीतून उतरून गेटला हात लावून उभा.

१:५१. रिंग जातेच आहे. आतून शेडच्या बाजूने एक माणूस येतोय. चालत. पळत नाही, म्हणजे अजून आत काही झालेलं नाही. हातात कागद आहे. माझा पास आहे की दुसरंच काही, इथून दिसत नाही.